मास्तरांची गाडी

मास्तर शाळेत कधीच मास्तर नव्हते. खरं तर शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटला होता. ते मोटारसायकलचे मिस्त्री. पण बंद पडलेली गाडी ढकलत, घामाने निथळत कुणी आलं की हे स्टुलावरून न उठता आधी त्याची तोंडी परीक्षा घ्यायचे. म्हणून बाजारात कुणीतरी त्यांना मास्तर म्हणालं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

माझं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून. मी मोटारसायकलची सीटं शिवतो. आमच्यामध्ये एकेरी विटेची भिंत, तीही वरती हातभर उघडी. त्यामुळे सव्वीस वर्षं ही परीक्षा मी रोज ऐकत आलो.

"पेट्रोल आहे?"

"आहे ना."

"टाकी उघडून बघितलंत, का नुसतं वाटतंय?"

मग झाकण उघडल्याचा आवाज यायचा.

"पेट्रोलचा कॉक चालू आहे?"

"हो."

"आणि लाल स्विच?"

इथे बरेच जण गप्प व्हायचे. उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करायचा तो बोटभर लाल स्विच असतो. पिशवी अडकवताना, गाडी पुसताना तो नकळत दाबला जातो. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, वरून सगळं ठीक दिसतं. पण प्लगला करंटच जात नाही, त्यामुळे किका मारून पाय निखळला तरी इंजिन हूं की चूं करत नाही. गिऱ्हाईक खजील होऊन स्विच चालू करायचं, एका किकेत गाडी सुरू व्हायची आणि मास्तर भिंतीकडे बोट दाखवायचे. भिंतीवर त्यांनी पेंटरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं: 'गाडी चालू होत नाही? घाबरू नका. १. पेट्रोल बघा. २. कॉक बघा. ३. लाल स्विच बघा. ४. प्लग बघा. ५. मग मास्तरांना बघा.'

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा वाचलं आणि म्हणाल्या, "पाचव्यात बघण्यासारखं काय आहे?"

वहिनींचं बोलणं असंच. लहानपणापासून दमा, त्यामुळे लांबण लावायला श्वास पुरायचा नाही. चार शब्दांत माणूस गार. घशात फवारा मारायचा पंप कायम पदराच्या गाठीशी नाहीतर उशाशी. मास्तर बाजारभर सगळ्यांना धडे द्यायचे, पण वहिनी आल्या की विद्यार्थी व्हायचे. त्यांना एकच मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायच्या यंत्रावर कामाला. हाताने बापावर गेलेली, तोंडाने आईवर. दहा वर्षांची असताना ती माझ्या दुकानात येऊन ऐट दाखवायची, "काका, मी डोळे मिटून प्लग ओळखते." आणि खरंच ओळखायची. मास्तर जुने प्लग तिच्या हातात द्यायचे, ती आट्यांवरून बोट फिरवून सांगायची, हा या गाडीचा, तो त्या गाडीचा.

तिची एकच खोड मास्तरांना खपायची नाही. गाडी थांबवली की ती आधी लाल स्विच दाबून इंजिन बंद करायची, मग चावी फिरवायची. "चावीने बंद कर की," मास्तर ओरडायचे. "पुढचा माणूस वेडा होतो शोधून शोधून." ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमचा बाजार मंगळवारी बंद असतो. तो मंगळवारच होता. पोरगी सकाळी घरच्या गाडीवर भाजी आणायला गेली, नऊच्या सुमाराला परत आली, गाडी अंगणात लावली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि घाईघाईने बसने कामावर गेली; तिचं दुकान मंगळवारीही उघडं असायचं. मास्तर घरात होते. साडेअकराला वहिनींना धाप लागली. अशी धाप महिन्यातून एकदोनदा लागायचीच. दोन फवारे घेतले की तासाभरात त्या पुन्हा कुणाची तरी फिरकी घ्यायला तयार. त्या दिवशी त्यांनी पंप तोंडात धरून दाबला तर नुसती हवा. पंप रिकामा होता.

मास्तरांनी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी निघते, पण पुलाचं काम चालू आहे, वळसा घालून यावं लागेल, अर्धा तास तरी धरा. औषधाचं दुकान मोठ्या रस्त्यावर, अडीच किलोमीटरवर. मोटारसायकलने पाच मिनिटं. मास्तरांनी शेजारच्या आजींना हाक मारून वहिनींपाशी बसवलं. "मी आलोच पंप घेऊन," म्हणाले आणि अंगणात आले. वस्तीतली सगळी कामाची माणसं कामावर गेलेली. दुसरी गाडी कुणाच्या दारात नव्हती.

किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, दहावी. चोक ओढून बघितला, कॉक रिझर्व्हवर करून बघितला. टाकी उघडली, पेट्रोल काठोकाठ. मग पान्हा आणून प्लग काढला, सदऱ्याला पुसला, टोपणात घालून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. करंट येत नाही म्हटल्यावर कुठलाही नवशिका मिस्त्री आधी स्विचकडे बघेल. पण महिन्यापूर्वी याच गाडीची कॉइलची वायर तुटली होती आणि मास्तरांनी ती स्वतः सांधली होती. त्यांच्या डोक्यात तेच बसलं. वायर गेली. त्यांनी सीट काढली, टाकी उतरवली, सांधा सोडला, पुन्हा जोडला, पुन्हा किक.

आजींनी मला नंतर सांगितलं, खिडकीतून वहिनींच्या श्वासाची शिटी अंगणापर्यंत ऐकू जात होती. मास्तर तीनदा आत आले. वहिनी खाटेच्या कडेला पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसल्या होत्या. ओठ जांभळे पडायला लागले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी मास्तरांच्या काळ्या हाताला धरलं आणि दोनच शब्द काढले.

"चालत जा."

"झालंच, झालंच, दोन मिनिटं," मास्तर म्हणाले आणि परत गाडीपाशी गेले.

मी यावर फार विचार केला आहे. मी असतो तर चार किका मारल्या असत्या आणि गाडी तशीच टाकून धूम ठोकली असती. मला गाडीतलं कळत नाही. त्यांना कळत होतं. प्रत्येक किकेला त्यांना वाटत होतं, आता होईल.

बारा वाजून गेल्यावर त्यांनी पान्हा टाकला आणि धावत सुटले. मोठ्या रस्त्यावर एका दूधवाल्याने त्यांना स्कूटरवर घेतलं. पंप मिळाला. त्याच स्कूटरवर परत आले तेव्हा दवाखान्याची गाडी दारात उभी होती. तिची मागची दारं उघडी होती आणि दोन माणसं बाहेर उभी होती. त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यावरूनच कळलं, असं मास्तर मला नंतर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आल्यागेल्यांचा राबता थोडा कमी झाल्यावर मास्तर अंगणात गेले. गाडी मंगळवारी सोडली होती तशीच पडलेली. टाकी पायरीवर, सीट एका झुडपाला टेकवलेलं, प्लग पान्ह्यातच अडकलेला. त्यांनी एकेक वस्तू जागच्या जागी बसवली. गाडीत आता त्यांना काही शोधायचं नव्हतं, नुसतं आवरायचं होतं. शेवटी गाडी स्टँडवरून काढायला त्यांनी उजवी मूठ धरली आणि अंगठ्याखाली स्विच लागला. बंद होता.

त्यांनी तो चालू केला. एक किक मारली. गाडी सुरू झाली.

आवाज ऐकून पोरगी आतून धावत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "चालू झाली? बाबा, काय झालं होतं?"

मास्तर गाडीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "प्लग. प्लग गेला होता."

तेवढ्यात वहिनींचा भाऊ बाहेर आला. बहीण गेल्यापासून तो कुणाशी बोलला नव्हता. त्याने ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, अख्ख्या गावाच्या गाड्या तुम्ही दुरुस्त करता. स्वतःच्या गाडीचा प्लग बघायला वेळ नव्हता तुम्हाला?"

मास्तरांनी मान खाली घातली. मी तिथे होतो. मेहुणा चप्पल घालून निघून गेला.

पंधरा दिवसांनी गॅरेज उघडलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी चुन्याचं डबडं आणलं आणि भिंतीवरच्या त्या पाच ओळी पुसून टाकल्या. एका हातात अक्षरं झाकली गेली नाहीत, म्हणून तीन हात दिले. तोंडी परीक्षा बंद झाली. कुणी चालू न होणारी गाडी घेऊन आलं की ते हात वर करायचे. "ते काम मी सोडलं. ब्रेक असेल, चेन असेल, ऑइल असेल तर थांबा." लोक म्हणायला लागले, बायको गेल्यापासून मास्तरांचा हात गेला. काही जण तर माझ्यासमोरच म्हणायचे, ज्याला स्वतःचा प्लग ओळखता आला नाही त्याच्याकडे कशाला जायचं. घरची गाडी त्यांनी पोरीला देऊन टाकली होती. ते घर ते गॅरेज चालत यायचे, चालत जायचे.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. ते एका गाडीचा ब्रेक उघडून बसले होते आणि त्यांची नजर त्या गाडीच्या मुठीवर खिळली होती. चहा निवून गेला. मग त्यांनी स्विचचं सगळं मला सांगितलं. सांगताना रडले नाहीत.

"पोरीला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. आणि तिला कळता कामा नये. तिची आई तिच्या बोटाने गेली, असं तिला आयुष्यभर वाटेल."

"पण मेहुणा तुम्हाला काय काय बोलतो..."

"बोलू दे. माझं वय झालं. तिला अजून जगायचंय."

मी शब्द दिला. पण एखादी गोष्ट अशी असते की ती लपवायला माणसाचं तोंड पुरत नाही, सगळं अंग बंद ठेवावं लागतं. ते मास्तरांना जमलं नाही, आणि मलाही.

आठेक महिने गेले असतील. पोरगी संध्याकाळी कामावरून सुटून गॅरेजवर आली. मी बाहेर उभा राहून एका गिऱ्हाइकाला सीट दाखवत होतो. तिने गाडी लावली आणि सवयीने अंगठ्याने लाल स्विच दाबला. इंजिन थांबलं.

मास्तरांच्या हातातली वाटी खाली पडली. तिच्यातलं ऑइल त्यांच्या पायावर सांडलं तरी ते हलले नाहीत. चेहरा असा पांढरा झाला की मला वाटलं, झटका आला. पोरीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पटकन दुसरीकडे बघितलं. तेच चुकलं.

तिची नजर सावकाश स्वतःच्या अंगठ्याकडे गेली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी प्लगच गेला होता ना?"

"प्लगच. दुसरं काय?"

"तो प्लग कुठाय?"

"आहे ना. ठेवलाय मी." मास्तर घाईघाईने टेबलाकडे गेले. जुने प्लग टाकायचा पत्र्याचा डबा होता, त्यात हात घालून त्यांनी एक काळाकुट्ट प्लग काढला आणि तिच्या हातात ठेवला. "हा बघ. जळलाय पार."

तिने तो घेतला. आट्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"हा लांब आट्याचा आहे, बाबा. आपल्या गाडीला आखूड लागतो."

सव्वीस वर्षं प्लगांत काढलेल्या माणसाने घाईत भलताच प्लग उचलला होता. पोरीने तो टेबलावर अलगद ठेवला आणि ती माझ्या दुकानात आली. मी तोवर आत येऊन मशीनवर बसलो होतो आणि उगाच दोरा ओवत होतो.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी दोरा ओवत राहिलो. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

महिन्याभरात तिने चष्म्याच्या दुकानाच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली मागून घेतली. बसने चार तासांचा रस्ता. गाडी घरीच ठेवून गेली. दर रविवारी फोन यायचा. फोनवरचं मास्तरांचं बोलणं मला भिंतीवरून ऐकू यायचं: हो, बरा आहे. हो, जेवलो. तू? बरं. ठेवतो. यापलीकडे गाडी सरकायची नाही.

खरं तर ते जेवत नव्हते. दीड वर्षात सदरा त्यांच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्या आजींनी भरून दिलेला डबा न उघडता तसाच परत जायचा, हे मी रोज बघत होतो. शेवटी राहवलं नाही आणि मी पोरीला फोन केला.

"बाप खातपीत नाही. रागावली असशील तर समोर येऊन रागाव. असं लांबून मारू नकोस त्यांना."

ती म्हणाली, "काका, मी कुठे रागावलेय? मला त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नाही."

पुढच्या शनिवारी दुपारी ती आली. पिशवी हातातच घेऊन थेट गॅरेजमध्ये गेली. मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही.

"बाबा, तो स्विच मी बंद केला होता."

"मला माहीत आहे."

"मग मला शिव्या का दिल्या नाहीत? मामाचं का ऐकून घेतलंत?"

मास्तरांचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. ते बोलले तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला श्वास धरून ऐकावं लागलं.

"पंप संपत आलाय, असं तिने मला शनिवारी सांगितलं होतं. रविवारी परत सांगितलं. मी दोन्ही दिवस त्या औषधाच्या दुकानावरून गेलो, पोरी. दोन्ही दिवस. घाई होती. म्हटलं, उद्या आणू."

पोरीने पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणि ती मला म्हणाली, चालत जा. मी गेलो नाही. मला गाडी चालू करायची होती. मी तुला काय शिव्या देऊ?"

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. दीड-दोन वर्षं मी समजत होतो की हा माणूस पोरीचं ओझं वाहतोय. तो स्वतःचंही वाहत होता, आणि तिचं लपवलं की आपलंही झाकलं जातं, असंही कुठेतरी असेल. मी त्यांना त्यात दोष देत नाही. मी त्यांच्या जागी काय केलं असतं, कोण जाणे.

मशीन सुरू करायला मी धजावलो नाही. शेवटी पोरीचा आवाज आला, जाड, सर्दी झाल्यासारखा.

"जेवलात?"

"नाही."

"डबा कुठाय?"

आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पोरीने मामाला फोन करून खरं काय ते सांगितलं, स्विचचं आणि पंपाचंही. मास्तरांनी नको म्हटलं होतं, पण तिने ऐकलं नाही. आधी तो एकट्या मास्तरांशी बोलत नव्हता. आता दोघांशीही बोलत नाही. आपल्या मुलीच्या लग्नाला त्याने या दोघांना बोलावलं नाही. पोरगी त्याच शहरात राहते, तिची नोकरी तिथे आहे. दर दुसऱ्या शनिवारी येते. कधी कधी दोघं घरात बसतात आणि तासभर एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत, असं आजी सांगतात. कधी भांडतात. मास्तरांचं वजन थोडं भरलंय. चालू न होणाऱ्या गाड्या ते अजूनही घेत नाहीत. त्या पुढच्या चौकातल्या मिस्त्रीकडे जातात.

ती आली की मात्र गाडी काढते आणि त्यांना मागे बसवून बाजारात, दवाखान्यात, कुठे कुठे नेते. मास्तर स्वतः आता गाडी चालवत नाहीत. जन्मभर पुढे बसलेला माणूस, त्यांना मागे बसायचं जमत नाही. वळणावर पोरगी एकीकडे झुकते आणि हे दुसरीकडे. गाडी वेडीवाकडी होते, ती ओरडते, "बाबा, माझ्याबरोबर झुका ना!" हे म्हणतात, "झुकतोय की." गेल्या शनिवारी दोघं चौकात पडता पडता राहिले. समोरच्या किराणावाल्याने धावत जाऊन हँडल धरलं, म्हणून वाचले. मास्तरांच्या गुडघ्याला थोडं खरचटलंय, बाकी काही नाही.